गार्सिया रोब्लेस एका ओळीत मावत नाहीत

मा. संपादक,
स.न.वि.वि.

लातूर-नांदेडकडे स्पर्धा परीक्षांच्या टाचणांमध्ये मेक्सिकोचे अल्फोन्सो गार्सिया रोब्लेस एका ओळीत उरकले जातात : १९८२चे शांततेचे नोबेल, स्वीडनच्या आल्वा मिरदाल यांच्यासोबत विभागून. मुले नाव पाठ करतात, पण या माणसाने केले काय, ते कोणी सांगत नाही.

जन्म १९११चा, सामोरा गावचा. कायदा शिकून १९३९ मध्ये परराष्ट्र सेवेत आले, पुढे संयुक्त राष्ट्रांच्या सचिवालयातही होते. परराष्ट्रमंत्रीपद जेमतेम वर्षभर, १९७५-७६ मध्ये. खरे काम त्याआधीच झाले होते.

क्युबात ठेवलेल्या सोव्हिएत अण्वस्त्रांवरून १९६२ मध्ये उभ्या राहिलेल्या पेचप्रसंगाने लॅटिन अमेरिका हादरली. हा प्रदेश अण्वस्त्रमुक्त ठेवणारा करार गार्सिया रोब्लेस यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने तयार केला आणि १४ फेब्रुवारी १९६७ रोजी मेक्सिको सिटीतल्या त्लातेलोल्को येथे तो सह्यांसाठी खुला झाला. पूर्ण अंमलासाठी अटी चार : प्रदेशातल्या सर्व देशांची मंजुरी, तिथे भूभाग असलेल्या बाहेरच्या देशांची मंजुरी, अण्वस्त्रधारी देशांची हमी आणि आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेशी तपासणीचे करार. एक अडली की सगळेच अडले असते. म्हणून मसुद्यातच वाट ठेवली. ज्या देशाला थांबायचे नाही त्याने या अटी सोडल्याचे लेखी कळवावे, त्याच्यापुरता करार लगेच लागू. असे ११ देश झाले की देखरेख संस्थेची जुळवाजुळव सुरू करायची. १९६९ मध्ये ती मेक्सिको सिटीत उभीही राहिली. आमच्या मते त्यांची सारी कर्तबगारी या एका कलमात दिसते.

ब्राझीलने १९६८ मध्येच मंजुरी दिली, पण अटी सोडल्या नाहीत. त्यामुळे करार त्याला १९९४ पर्यंत लागू नव्हता. अर्जेंटिनाने १९६७ मध्ये सही केली, मंजुरी मात्र १९९४ मध्ये. क्युबाची मंजुरी तर २००२ची. काही टाचणांत या कराराबद्दल ‘१९६७ पासून लागू’ असे लिहितात, ते चुकते इथेच. सही, मंजुरी आणि अटी सोडणे या तीन वेगळ्या पायऱ्या आहेत.

शिक्षकांना विनंती : फळ्यावर या तिन्हींचे रकाने आखा, मेक्सिको, ब्राझील, अर्जेंटिना, क्युबा ही चार नावे लिहा आणि साले मुलांकडूनच भरून घ्या. कराराचा दुसरा प्रोटोकॉल, म्हणजे अण्वस्त्रधारी देशांसाठीचा जोडकरार, वेगळा शिकवा. अण्वस्त्रे न वापरण्याची आणि त्यांची धमकी न देण्याची हमी त्यात आहे, आणि १९७९ पर्यंत पाचही अण्वस्त्रधारी देशांनी तो मंजूर केला होता.

आपले,
राज्यशास्त्राचे काही अध्यापक, लातूर