पंक्याला पत्र: रायझन नावाच्या गेमबद्दल

अमळनेर, मे महिना

प्रिय पंक्या,

परवा तू विचारलंस, "काय करी ऱ्हायना रे भो?" आणि मी नुसता अंगठा पाठवला, कारण खरं उत्तर मोठं होतं. म्हणून हे पत्र.

जिनिंगचा सीझन संपला, माझं हिशोबाचं काम दुपारपर्यंत उरकतं, बाहेर ४५ डिग्री, बोरी नदीच्या पात्रात पाय ठेववत नाही. आई गच्चीवर बिबड्या वाळत घालते आणि मी रात्री जेवण झालं की कूलर लावून रायझन खेळतो. २००९ चा गेम आहे. जुन्या लॅपटॉपवर चालेल म्हणून घेतला होता, आता मात्र तो मला मनापासून आवडायला लागलाय आणि हे कोणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नाही.

गेम पिरान्हा बाइट्स नावाच्या छोट्या जर्मन स्टुडिओचा, एसेन गावचा, पूर्वी कोळशाच्या खाणी होत्या तिथला. यांचाच २००१ चा गॉथिक नावाचा गेम. मग २००६ ला गॉथिक ३ काढला, प्रचंड मोठं जग, आणि आला तेव्हा बग्जनी, म्हणजे प्रोग्राममधल्या चुकांनी भरलेला. त्यानंतर यांनी काय केलं तर अंथरूण पाहून पाय पसरले. रायझनमध्ये एकच बेट आहे, फरांगा, आणि पैसा कमी असला तरी बेटाचा कोपरा न् कोपरा कोणीतरी हाताने लावलाय. धबधब्यामागे गुहा दिसली की आत काहीतरी असतंच, कोणी रिकाम्या हाताने परत पाठवत नाही.

तू जहाज फुटून किनाऱ्यावर येतोस, तिथे उचललेली एक काठी एवढंच हत्यार. समुद्री गिधाडाने मला पहिल्या दिवशी तीनदा मारलं. इथे तुझ्या लेव्हलप्रमाणे जनावरं सोपी होत नाहीत, लांडगा तो लांडगाच. लेव्हल वाढली की १० पॉइंट मिळतात पण ते घेऊन गुरूकडे जावं लागतं, वर सोनं मोजावं लागतं, मग तो तलवार शिकवणार. कुलूप उघडणंसुद्धा शिकावं लागतं. त्यामुळे वीस-बावीस तासांनी त्याच रस्त्यावरचा तोच लांडगा मी दोन वारात पाडला तेव्हा खुर्चीतून उठून उभा राहिलो रे. ती कमाई माझी होती.

आणि माणसं! दिवसा कामाला, रात्री झोपायला. कोणाच्या घरात शिरलास की आधी दम देतात, नाही ऐकलं तर धरून बडवतात. बेट एवढंसं असल्यामुळे आठवड्यात मला सगळे ओळखीचे झाले, लोहार कुठे बसतो, मांस भाजायचा पॅन कोणाकडे मिळेल, शॉर्टकट कुठून. आपल्या गावात रेल्वे स्टेशनपासून डोळे मिटून घरी येता येतं ना, तसं मी हार्बर टाऊनपासून, म्हणजे बेटावरच्या बंदराच्या शहरापासून, दलदलीपर्यंत अंधारात मशाल न लावता जातो. तो पॅन आधी मिळवावा लागतो, मग शेकोटीपाशी बसून कच्चं मांस एकेक भाजायचं, एवढंच, पण लढाई करून अर्धमेला आलेला माणूस तिथे बसतो तेव्हा खरंच बरं वाटतं.

उणिवा आहेत, त्याही सांगतो. चेहरे तेच तेच, बायकांचे तर दोन-तीनच साचे असावेत असं वाटतं. बोलताना ओठ एकीकडे शब्द एकीकडे. उडी मारणं अवघड, अरुंद जागेत कॅमेरा भिंतीत घुसतो. पहिला चॅप्टर सोन्यासारखा, पुढे मात्र सरडेमाणसांची भुयारं सुरू होतात, एक संपलं की दुसरं, तिथे मी दोन दिवस गेम बंद ठेवला होता. आणि शेवटची लढाई मला पटलीच नाही, आयुष्यभर शिकलेली तलवार, जादू, सगळं बाजूला ठेवून हातोडा आणि ढाल घ्यायची आणि पडत्या फरश्यांवर उड्या मारायच्या. इतकं शिकवलंत तर ते वापरू तरी द्या ना. याचा मला खरंच राग आहे.

तरी मी पुन्हा पहिल्यापासून सुरू केलाय. मागच्या आठवड्यात रात्री दोनला लाईट गेली, लॅपटॉपची बॅटरी मेलेली, चाळीस मिनिटांचा खेळ सेव्ह न करता गेला. दुसऱ्यांदा त्याच जागी आलो तर वाटेत एक कडा दिसला जो आधी दिसलाच नव्हता, वर चढलो तर जुनं अंथरूण, बाटली आणि एक पेटी. कोणीतरी तिथे राहत होतं एवढंच कळतं, बाकी काही लिहिलेलं नाही.

२०२४ मध्ये तो स्टुडिओ बंद पडला, हे वाचून वाईट वाटलं, घरचं माणूस नसूनही.

तू पुण्यात रात्री उशिरा येतोस माहितीये, पण रविवारी लाव. शहराबाहेर फिरताना इन्क्विझिशनच्या, म्हणजे शहर ताब्यात घेतलेल्या धर्मसैन्याच्या लोकांच्या हाती लागलास तर ते बडवून मठात नेतात आणि तिथलाच करतात, मी म्हणून आधीच दलदलीतल्या डॉनच्या, म्हणजे त्यांच्या विरोधातल्या टोळीच्या म्होरक्याच्या छावणीत गेलो. तू शहराकडून जा, म्हणजे आपल्याला बोलायला दोन बाजू होतील. आणि किनाऱ्यावर काठी उचल, गिधाडाच्या नादी लागू नको.

तुझा,
भूष्या