जातं चेलोत सापडलं

पुणे, रविवार रात्र

प्रिय बंड्या,

तुझा व्हॉइस मेसेज दोनदा ऐकला. लेकीच्या क्वार्टेटला (दोन व्हायोलिनं, एक व्हायोला आणि लेकीचा चेलो) शाळेच्या कार्यक्रमात 'आपल्याकडचं काहीतरी' वाजवायचंय आणि तू म्हणतोयस एखादं जुनं सिनेमातलं गाणं घे नि चौघांत वाटून दे, तुझ्या हातचा मळ आहे. नाही रे, हातचा मळ वगैरे काही नाही. आणि सिनेमातलं गाणं मी देणारच नाहीये. एक तर हक्कांचा प्रश्न, आपल्याकडच्या कायद्यात संगीतकार गेल्यावरही ६० वर्षं हक्क राहतो, न विचारता कोणाच्या चालीची अरेंजमेंट करायची हे मला पटत नाही. दुसरं म्हणजे ती गाणी आधीच अरेंज झालेली असतात, आणि फार मोठ्या माणसांनी केलेली. अँथनी गोन्साल्विस काय, सबॅस्टियन डिसूझा काय, ही गोव्याची माणसं संगीतकाराची चाल ऐकून व्हायोलिनच्या ओळीच्या ओळी लिहून काढायची. आपल्या डोक्यात ते गाणं म्हणून जे वाजत असतं त्यातलं कितीतरी त्यांचं असतं. मग त्यातली व्हायोलिनं काढून परत व्हायोलिनंच घालायची, कशाला?

तर मी दुसरंच काहीतरी पाठवतोय. ओवी. आमच्या मुळशीच्या आत्याची जात्यावरची ओवी, तुला ती आठवत असेल, कॉलेजात असताना आपण दोघं भर पावसात तिच्याकडे गेलो होतो आणि तू सात भाकऱ्या खाल्ल्या होत्यास, तीच आत्या.

पण आधी हे सांगतो की ही अरेंजमेंट मी दोनदा केली, आणि पहिली साफ चुकली. ते का चुकलं हे तुला कळलं तर लेकीला नीट सांगता येईल, म्हणून जरा लांबण लावतोय, चहा घेऊन बस.

पहिल्यांदा मी काय केलं, तर जे सगळेच करतात तेच. चाल फर्स्ट व्हायोलिनला दिली, सेकंडला खाली तिसरा सूर, व्हायोलाला (म्हणजे मला) मधले भरणीचे सूर, चेलोला खाली बेस. सी, एफ, जी, परत सी. तीन कॉर्डांत (म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या जुडग्यांत) ओवी बसली पण, आणि ऐकायला छान वाटत होती हे कबूल करतो. आमचे चौघे तुला माहितीयत, फर्स्टला बँकेतून रिटायर झालेले काका, सेकंडला मडगावची मुलगी, मी, आणि चेलोवर आयटीतला केरळचा पोरगा. आत्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी पुण्यात आली होती, हिरवी पट्टी बांधून सोफ्यावर बसलेली, तिच्यासमोर आम्ही वाजवलं. संपल्यावर ती म्हणाली, "गोड झालंय रे. पण जातं कुठंय?"

मला वाटलं ती गंमत करतेय. म्हटलं आत्या, तूच म्हण ना मग एकदा. तर तिला येईना! पहिली माझी ओवी, एवढं म्हणायची आणि थांबायची. मग म्हणाली, हात हलल्याशिवाय नाही येत. आणि तिने उजवी मूठ गुडघ्यावर ठेवून खुंटा धरल्यासारखी गोल फिरवायला सुरुवात केली. दोन-तीन फेरे नुसतेच. आणि मग सूर लागला, आणि ओव्यांमागून ओव्या, पहिली, दुसरी, तिसरी, अकराव्या ओवीला मला फोन काढायचं सुचलं.

ते रेकॉर्डिंग मी किती वेळा ऐकलं असेल. त्यात दोन गोष्टी कळल्या. एक, हाताचा फेरा एकसारखा नसतो. खुंटा अंगाकडे ओढताना जोर लागतो, पुढे जाताना तो सैल जातो, म्हणजे प्रत्येक फेऱ्यात एक जड अर्धं आणि एक हलकं अर्धं. दुसरी गोष्ट, तिची ओळ फेऱ्याबरोबर संपत नाही. हात आपला घड्याळासारखा चालू आणि गाणं त्याच्यावरून वाहतंय, श्वास कुठेही, फेऱ्याच्या मध्येच. मी पहिल्या वेळी ओळ बारमध्ये (ठरलेल्या मात्रांच्या खणांत) कापून बसवली होती, दर चार बारांना शेवट. तिथेच जीव गेला होता.

आणि बंड्या, मला त्या दिवशी हेच उमगलं की कुठलीच चाल एकटी नसते, तिला सोबत कशाची तरी आधीपासून असते. ख्यालाला तंबोऱ्याची असते, कीर्तनाला टाळ-मृदंगाची, ओवीला दगडाची. अरेंजरने आधी ती सोबत कोणती ते शोधायचं, आणि मग बघायचं की व्हायोलिन-व्हायोला-चेलोत ती कुठे राहू शकते. मी ती सोबत काढून टाकली आणि त्या जागी चर्चमधले कॉर्ड आणून ठेवले. कॉर्ड वाईट नाहीत, पण ते ओवीचे कोणी लागत नाहीत.

मग दुसऱ्या वेळी मी सगळं पुसलं आणि चेलोपासून सुरुवात केली. चेलोची सगळ्यात खालची तार सी, तिच्यावरची जी. म्हणजे सी हा षड्ज धरला तर सा आणि प दोन्ही मोकळ्या तारा, बोट लावायचंच नाही. त्या दोन्ही एकत्र, बो (गज) जरा फिंगरबोर्डाकडे सरकवून, जोरात ओढ आणि सैल ढकल, जोरात ओढ आणि सैल ढकल. घरघर! अक्षरशः घरघर आली रे. केरळच्या पोराने आयुष्यात जातं पाहिलेलं नव्हतं, त्याला मी यूट्यूबवर दाखवलं, तो म्हणाला आमच्याकडेही असलंच असतं, आणि त्याच्या खांद्यातून ती हालचाल लगेच आली.

आत्याचा षड्ज बी-फ्लॅटच्या आसपास होता, मी तो मुद्दाम सी वर चढवला तो ह्या मोकळ्या तारांसाठी. ही काही माझी अक्कल नाही. बीथोव्हेनने स्वतःचा एक पियानो सोनाटा (ओपस १४ मधला पहिला) क्वार्टेटसाठी लिहिला तेव्हा तो ई मेजरमधून एफ मेजरमध्ये नेला, कारण तिथे चेलो आणि व्हायोलाची खालची मोकळी सी तार कामाला येते. मोझार्टने १७८२ मध्ये बाखचे फ्यूग (एकच चाल वेगवेगळे आवाज एकामागून एक उचलतात त्या रचना) क्वार्टेटसाठी उतरवले त्यातला डी-शार्प मायनरचा त्याने डी मायनरमध्ये आणला, तारेच्या वाद्याला बरा पडावा म्हणून. एवढी मोठी माणसं आधी तारा बघायची आणि मग की (म्हणजे पट्टी) ठरवायची, आणि आपण सॉफ्टवेअरमध्ये ट्रान्सपोजचं बटण दाबून मोकळे होतो.

आता चाल. आत्याची चाल जेमतेम पाच सुरांची, सा पासून प पर्यंत, खाली एखादा नि. मी ती फर्स्ट व्हायोलिनला सगळीच्या सगळी जी तारेवर दिलीय, सगळ्यात जाड तार, वर चढतानाही तार बदलायची नाही. आवाज थोडा घोगरा येतो, बाईच्या पहाटेच्या गळ्यासारखा, आणि मुख्य म्हणजे मींड तुटत नाही, बोट एकाच तारेवर सरकत जातं. काका पूर्वी मांडी घालून, व्हायोलिन पायावर टेकवून गाण्याच्या साथीला बसायचे, त्यांना हे सांगावंच लागलं नाही. मात्र त्यांनी एक अडचण काढली, आत्याचा गंधार. तो ना कोमल ना शुद्ध. मी आधी नोटेशनमध्ये बाण काढले, मग आकडे लिहिले, काका म्हणाले पुसून टाक ते सगळं, मी ऐकून वाजवतो आणि पोरीने माझं ऐकावं. तसंच केलं. स्कोरमध्ये तिथे फक्त लिहिलंय, 'आत्यासारखा'. तुला वाटेल वेस्टर्न शिकलेल्या मुलांना हे जमणार नाही. पण चांगले क्वार्टेटवाले हे रोज करतात, मेजर कॉर्डमधला तिसरा सूर ते पियानोपेक्षा साधारण १४ सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) खाली धरतात, कारण तिथे तो शांत होतो, आणि तोच आपल्या तंबोऱ्यातून ऐकू येणारा गंधार. कान एकच आहे, फक्त इथे आत्याचा सूर त्याच्याही खाली आहे एवढंच.

सेकंड व्हायोलिन म्हणजे जात्यासमोर बसलेली दुसरी बाई. खुंट्याला दोघींचे हात, एकीने ओळ म्हणायची, दुसरीने ती उचलायची, कधी पहिलीची संपायच्या आत. म्हणून सेकंडला मी खालचे सूर दिलेच नाहीत, तीच चाल दिली, पाऊण फेरा उशिरा. जिथे दोघी एकमेकींवर येतात तिथे सा आणि रे एकत्र घासतात, ते तसंच ठेवायचं, लेकीच्या सरांनी 'हे चुकलंय का' विचारलं तर नाही म्हणून सांग.

आणि व्हायोला, माझा लाडका भाग. चेलोने बो पालटला की बारीकशी फट पडते. ती फट व्हायोलाने बुजवायची, त्याच सा-प वर एक सप्तक वरून, पण बो पालटायची जागा वेगळी. लोकांना व्हायोला ऐकूच येत नाही, पण ती थांबली की दगड थांबतो. एकदा मी प्रॅक्टिसमध्ये मुद्दाम थांबलो तर मडगावची मुलगी वाजवता वाजवता दचकली.

ह्या सगळ्यानंतर मी हायडनचं एम्परर क्वार्टेट परत काढून बसलो, त्याचा दुसरा भाग. त्याने १७९७ मध्ये सम्राटासाठी केलेल्या गाण्याची चाल त्यात आहे, आणि चार व्हेरिएशन्समध्ये ती चाल तो बदलतच नाही. आधी सेकंड व्हायोलिन, मग चेलो, मग व्हायोला, मग परत फर्स्ट, प्रत्येकाच्या हातात अख्खी चाल, बदलतं ते फक्त भोवतालचं. पंधरा वर्षं वाजवतोय मी हे आणि मला हे आत्ता दिसलं. कोमितास ह्या आर्मेनियन संगीतकाराची लोकगीतं सर्गेई अस्लमाझ्यानने क्वार्टेटसाठी केलीयत, तो स्वतः कोमितासच्याच नावाच्या क्वार्टेटचा चेलिस्ट, ती लेकीला जरूर ऐकव. दोन-दोन तीन-तीन मिनिटांचे तुकडे, त्यात एक सूर फालतू नाही. आणि क्रोनोस क्वार्टेटने राम नारायणांचा मिश्र भैरवीचा सारंगीचा आलाप घेतलाय तोही ऐका, आलापाखाली कॉर्ड न घालता चार माणसं कशी बसू शकतात ते कळेल.

बरं, एक ओवी पुरणार नाही, तीन-चार मिनिटांचीच आहे ती, म्हणून जोडीला एक मांडो (गोव्याचं कोकणी गाणं) पाठवतोय, आमच्या सेकंडवालीने आणलेला. आदेवस करचो वेळ पावलो, निरोपाची वेळ आली, लोटलीच्या तोर्कातो द फिगेरेदोंचा, गोव्यात निरोप म्हटला की हाच. ते १९४८ ला गेले, तेव्हा हक्काचाही प्रश्न नाही. ओवीला मला चार महिने लागले आणि हा एका संध्याकाळीत झाला. कारण सरळ आहे, मांडोची सोबतच दुसरा आवाज आहे. तो गातातच दोन आवाजांत, तिसऱ्या नि सहाव्या सुराच्या अंतराने, साष्टीतल्या जुन्या घरांत लग्नाला व्हायोलिन आणि घुमटावर. तिथे मी कॉर्ड घातले आणि ते लगेच घरच्यासारखे बसले. फक्त घुमट अडलं. मडक्याच्या एका तोंडाला कातडं (पूर्वी घोरपडीचं असायचं, आता बंदी आहे म्हणून बकरीचं), दुसरं तोंड उघडं, तिथे डावा तळवा झाकत-उघडत आवाज खालीवर करतात. चेलोच्या अंगावर थाप मारायला आमचा पोरगा तयार होईना, वाद्य कर्जावर घेतलंय त्याने, बरोबरच आहे. मग पिझिकातो केलं (बो बाजूला ठेवून बोटाने तार छेडायची) आणि तार छेडल्यावर बोट किंचित खाली घसरवायचं. घुमटाचा तो 'धुंव' अगदी जवळ येतो. लेकीला म्हण बोट लगेच घसरवू नकोस, सूर आधी फुटू दे.

आता कामाचं. पीडीएफ पाच आहेत, स्कोर आणि चार पार्ट. ओवीत व्हायब्रेटो (बोट हलवून सूर थरथरवणं) कुणीच करायचा नाही, अजिबात नाही. सुरुवातीला चेलो एकटा सहा फेरे, त्यात घाई करायची नाही, लोक अस्वस्थ झाले तरी चालतील. मध्ये बार ४१ ला चेलोचा आवाज एकदम हलका आणि खरखरीत करायला लिहिलंय, बो ब्रिजजवळ (तारा टेकतात त्या घोडीपाशी). तिथे दाणे संपलेत. दोन फेरे दगडावर दगड, मग आत्या नवी मूठ घालते आणि आवाज परत भरतो. शेवट लिहिलेला नाही, दळण संपलं की थांबायचं, म्हणजे चाल आधी थांबेल, जातं दोन-तीन फेरे आपल्या वेगाने जाईल आणि राहील. तो शेवटचा फेरा किती लांबवायचा ते लेकीनेच ठरवायचं, जातं तिच्या हातात आहे.

आत्याला विचारलंय मी. ती म्हणाली पोरगी कोणाची, मी म्हटलं सात भाकऱ्यावाल्याची, तर म्हणाली वाजव म्हणावं, पण आधी तिला माझं ऐकव. म्हणून रेकॉर्डिंगपण जोडलंय. त्यात मागे कुकरची शिट्टी आहे आणि मध्ये एकदा मी 'आत्या पाणी देऊ का' म्हणतोय, ते मी कापलेलं नाही, कापलं असतं तर तिचा एक श्वास पण गेला असता. स्कोर उघडायच्या आधी ते ऐकायला सांग, चौघांनाही, आणि जमलं तर ऐकताना उजवी मूठ गुडघ्यावर फिरवायला सांग.

वाजवून झालं की मला फोन कर, तुझ्याकडची रात्र असली तरी. आत्यालाही कॉन्फरन्सवर घेऊ, तिचा डोळा आता छान झालाय.

तुझाच,
व्हायोलावाला