स्टेपनीवर मुंबई गाठू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

परवा तुमच्या पेपरात गणपतीला गावी येणाऱ्यांनी निघायच्या आधी गाडीत काय काय बघायचं त्याची माहिती आली होती. ऑइल, ब्रेक, वायपर, बॅटरी, फास्टॅगचा बॅलन्स पण होता, सगळं बरोबर, पण स्टेपनीचा, म्हणजे गाडीतल्या जादा पाचव्या चाकाचा, त्यात एक शब्द नाही. आमचं दुकान संगमेश्वर आणि हातखंब्याच्या मधे हायवेलाच आहे, टायर, पंक्चर आणि हवा एवढंच काम, त्यामुळे वाईट वाटलं म्हणून लिहितोय.

सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य सांगतो. "स्टेपनी लावलीये ना, आता मुंबईला जाऊन बघतो." म्हणजे पंक्चर झालेलं चाक तसंच डिकीत, स्टेपनी जागेवर, आणि साहेब परशुराम, भोस्ते, कशेडी सगळे घाट त्याच्यावर पार करून पनवेलला पोचणार. जुन्या गाडीत पाचही टायर एका साइजचे असायचे, स्टेपनीत हवा असली आणि टायर धड असला तर तसं चालून जायचं. आताच्या गाड्यांत तसं राहिलेलं नाही. चारही चाकं सोळा नाहीतर सतरा इंची अलॉय आणि डिकीचं कार्पेट उचललं की खाली लोखंडी रिमवर त्याहून लहान, पुष्कळदा अरुंद टायर. जागा वाचते, वजन वाचतं, कंपनीचे पैसे वाचतात. त्यावर 80 चा आकडा असलेला स्टिकर असतो, म्हणजे ताशी 80 किलोमीटरच्या वर जायचं नाही. तो आकडा चांगल्या रस्त्याचा, आपल्याकडे भाद्रपदातल्या पावसात आणि डायव्हर्जनमधे मी म्हणेन पन्नासच्या आसपास ठेवा, आणि जवळच्या पंक्चरवाल्यापर्यंतच जा.

कारण काय, तर लहान चाक तेवढ्याच अंतराला जास्त फेरे घेतं. ज्या चाकांना इंजिनची ताकद जाते तिथे एक मोठं एक लहान असलं की डिफरन्शियल (वळणावर डावं-उजवं चाक कमीजास्त फिरू देणारे गिअर) सरळ रस्त्यावरपण सारखं काम करत राहतं आणि तापतं, एबीएसला (ब्रेक मारल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) चारही चाकांचा हिशोब जुळत नाही, आणि जोरात ब्रेक मारला की गाडी एका बाजूला ओढते. बहुतेक छोट्या गाड्या पुढच्या चाकांवर चालतात, म्हणून लहान स्टेपनी पुढे लावू नये. पुढचं पंक्चर असेल तर मागचं चांगलं चाक पुढे आणायचं आणि स्टेपनी मागे लावायची. दोनदा जॅक लावायचा कंटाळा येतो हे मान्य. पण अंधारात, पावसात, बाजूने कंटेनर जात असताना दोन दोन चाकं काढत बसा असं मी सांगणार नाही, तेव्हा पुढेच लावा आणि सावकाश पहिल्या दुकानापर्यंत या, तिथे अदलाबदल होते. फोर बाय फोरवाल्यांनी लहान स्टेपनी असताना फोर व्हील टाकायचंच नाही, आणि ज्या गाडीत चारही चाकांना कायम इंजिनची ताकद जाते तिचं पुस्तक आधी वाचावं.

आता हवा. टायरमधून महिन्याला साधारण एक पीएसआय (हवेचा दाब मोजायचं माप) हवा आपोआप कमी होते, मग गाडी घेतल्यापासून जिला कोणी हात लावला नाही त्या स्टेपनीत काय उरलं असेल तुम्हीच बघा. चारही चाकांत हवा मारून घेतात आणि पाचवं बघू का विचारलं तर राहू द्या म्हणतात, कारण वर सामान असतं. खरं तर स्टेपनीत दोनचार पीएसआय जास्तच ठेवावी, नंतर कमी करता येते. आणि ज्या अगदी अरुंद टायरवर साइजच्या आधी टी अक्षर असतं त्यात 60 पीएसआय लागते, नेहमीसारखी 32 मारली तर तो बसलेलाच राहतो, आमच्यातल्यापण पुष्कळांना हे माहीत नाही, म्हणून स्टिकर वाचून आम्हाला आकडा सांगा, राग येणार नाही. टायरच्या बाजूला लंबगोलात चार आकडे असतात, 2319 म्हणजे 2019 सालचा तेविसावा आठवडा. न वापरलेली स्टेपनीपण म्हातारी होते, रबर कडक होतं, भेगा पडतात. बऱ्याच कंपन्या दहा वर्षांच्या वरचा टायर वापरू नका म्हणतात, मग त्याची नक्षी कितीपण नवी दिसू दे.

जागेचं बोलतो, कारण जीव तिथे जातात. घाटात वळणावर टायर बसला तर तिथेच थांबू नका. हळूहळू चालवत पुढच्या सपाट, सरळ, रुंद जागेपर्यंत न्या, टायर फाटेल, रिम वाकेल, वाकू दे. इंडिकेटरचे चारही लाइट लावा, माणसं उतरवून रस्त्यापासून लांब उभी करा, दरीच्या कडेला नाही, आणि लाल त्रिकोण गाडीला चिकटून ठेवायचा नाही, निदान पन्नास मीटर मागे, वळण असेल तर वळणाच्याही मागे. जागा धोक्याची वाटली तर चाकाला हात न लावता 1033 ला फोन करा, नॅशनल हायवेची हेल्पलाइन आहे, चोवीस तास असते.

जॅकचं आपल्याकडे वेगळं दुखणं आहे, लाल माती. पावसात साइडपट्टी वरून कडक दिसते आणि गाडीचं वजन आलं की जॅक आत जातो. खाली जाड फळी पाहिजे, दीड फुटाची एक डिकीत टाकून ठेवा. फळी नसली की मग कोणीतरी बाजूच्या कंपाऊंडचा जांभ्याचा चिरा आणून त्यावर जॅक लावतो, ते अजिबात करू नका, जांभा ओला झाला की एका टोकावर दाब आला की फुटतो. चिरा चाकाला ओट, म्हणजे गाडी सरकू नये म्हणून अडण, लावायला उत्तम, जे चाक काढणार त्याच्या तिरक्या समोरच्या चाकाला लावायचा. हॅन्डब्रेक ओढा, गाडी गिअरमधे ठेवा (ऑटोमॅटिक असेल तर पी), आणि तरीपण ओट लावाच, कारण पुढचं एक चाक उचललं की पुढच्या चाकांच्या गाडीला गिअरचा आधार राहत नाही. नट जमिनीवर असतानाच थोडे ढिले करायचे, हवेत गाडी असताना पान्यावर नाचायचं नाही. काढलेलं चाक गाडीखाली आडवं सरकवून ठेवा, जॅक सटकला तर गाडी त्याच्यावर बसेल, तुमच्या पायावर नाही. आणि जॅकवरच्या गाडीखाली डोकं घालायचं नाही, मोबाइल पडला तरी.

गुहागर, दापोली, मालवण अशा किनाऱ्याच्या गाड्यांना अजून एक त्रास, खारी हवा. नट गंजतात, रिम हबला धरून बसते, काढता काढता लोकं आतून लाथा मारतात आणि गाडी जॅकवरून खाली येते. त्यापेक्षा नट परत दोन आटे लावा, गाडी खाली घ्या, थोडी पुढेमागे हलवा, सुटते. ज्यांची स्टेपनी गाडीच्या पोटाखाली लटकलेली असते त्यांची तर साखळी नाहीतर वायर चिखल आणि गंजाने अशी जाम होते की स्टेपनी आहे पण हातात येत नाही, म्हणून घरी असतानाच एकदा खाली सोडून बघा. गंज नको म्हणून बोल्टला ऑइल लावतात ते चूक, आटे निसरडे झाले की नट लागायला पाहिजे त्यापेक्षा जास्त आवळला जातो, तारेच्या ब्रशने साफ करणं पुरे. नट एकाच्या शेजारी एक नाही, समोरासमोर आवळायचे, गाडी खाली घेतल्यावर परत एकदा, आणि पन्नासेक किलोमीटरनंतर अजून एकदा. अलॉयला चोर नको म्हणून लॉक नट बसवला असेल तर त्याची चावी गाडीत ठेवा, बोरिवलीच्या कपाटात नाही.

सीएनजीवाल्यांची गोष्ट वेगळीच, मागे टाकी, त्याच्या आजूबाजूला स्टेपनी, त्यावर बॅगा, मखर, फटाके (ते तर नकोच). पंक्चर झालं की आधी अर्धा संसार रस्त्यावर मांडायचा. आणि लहान स्टेपनीच्या खड्ड्यात मोठं अलॉय मावत नाही हे चाक काढल्यावर कळतं, मग चिखलाने भरलेलं ते चाक मागच्या सीटवर आजीच्या शेजारी. एक जुनी चादर ठेवा एवढंच सांगू शकतो.

आणि आता तर स्टेपनी नसलेल्याच गाड्या येतात. 2020 मधे केंद्राने नियम बदलला, ट्यूबलेस टायर, हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि पंक्चर किट असेल तर छोट्या गाडीत स्टेपनी देणं सक्तीचं राहिलं नाही. किटमधलं ते दूध, म्हणजे टायरमधे सोडायचं भोक बुजवणारं औषध, खिळ्याएवढ्या भोकाला चालतं, पण आपल्याकडे टायर खिळ्याने कमी आणि खड्ड्याच्या धारेने जास्त जातो, बाजूची भिंत कापली जाते, तिथे किट काही करत नाही, गाडी टोईंगलाच जाते. शोरूममधे सनरूफ बघायच्या आधी डिकी उघडून बघा हो.

ट्यूबलेसमधे खिळा दिसला तर तो रस्त्यात उपटू नका, हवा हळू जाते, तसेच दुकानापर्यंत या.

पुढच्या वेळी तुम्ही यादी छापाल तेव्हा पाचवं चाक पण घाला, एवढी विनंती. आणि एक राहिलं, चतुर्थीच्या दिवशी सकाळी आमच्या पट्ट्यातली बहुतेक दुकानं बंद असतात, आमच्याही घरी गणपती बसतो, आरती आणि जेवणं आटोपून कोणीतरी दुपारी शटर उघडतं, त्यामुळे त्या दिवशी प्रवास असेल तर आदल्या संध्याकाळीच स्टेपनीत हवा मारून घ्या.

आपला,
हायवेवरचा एक पंक्चरवाला
संगमेश्वर तालुका, जि. रत्नागिरी