चेन ऑइलर घरी करताना

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

मोटारसायकलच्या चेनवर थेंबाथेंबाने तेल सोडणारे साधन घरी जमते का, असे तू विचारले होतेस. जमते, पण बाटली आणि नळी एका दुपारीत बसली, तरी थेंब ताब्यात यायला मला तीन आठवडे लागले.

फ्रेमला घट्ट बांधलेली लहान बाटली, तिच्या तळातून निघणारी बारीक नळी, वाटेत एक व्हॉल्व्ह आणि स्विंगआर्मच्या (मागचे चाक धरणाऱ्या दांड्याच्या) कडेने मागच्या स्प्रॉकेटपर्यंत, म्हणजे चेन जिच्यावर फिरते त्या दातेरी चकतीपर्यंत, नेलेले टोक, एवढीच रचना आहे. झाकणाला हवेसाठी बारीक छिद्र हवे, नाहीतर आत निर्वात होऊन तेल उतरायचे थांबते. सुरुवातीला मी सलाईनची नळी, थेंब कमीजास्त करायच्या तिच्या छोट्या चाकासकट, वापरली, कारण तिच्यात थेंब डोळ्यांनी मोजता येतात; परंतु तेलाने ती मऊ नळी हळूहळू ताठ होत गेली, गाडीच्या हादऱ्यांनी चाक ढिले झाले आणि एका सकाळी गाडीखाली तेलाचे थारोळे साचलेले दिसले. आता पॉलियुरेथेनची नळी आणि निडल व्हॉल्व्ह (सुईसारख्या टोकाने प्रवाह बारीक कमीजास्त करणारा) आहे, शिवाय गाडी उभी करताना बंद करायला वेगळा कॉक आहे. तो बंद करायला मी अजूनही अधूनमधून विसरतोच!

मिनिटाला साधारण एक थेंब पुरतो. मात्र थंडीत तेल दाट होते आणि उन्हात पातळ, त्यामुळे पहाटे नीट लावलेला व्हॉल्व्ह दुपारी दुप्पट गळू शकतो. म्हणून इंजिन तापल्यावर, घड्याळ समोर ठेवूनच तो लाव. मी ८०डब्ल्यू-९० गिअर ऑइल वापरतो. करवतीच्या चेनचे तेल अधिक चिकट असल्याने कमी उडते, असे ऐकून तेही आणून ठेवले आहे.

टोक चेनवर धरू नकोस. खालून येणारी चेन जिथे स्प्रॉकेटवर चढते, तिथे स्प्रॉकेटच्या बाजूच्या सपाट पृष्ठभागाला ते जेमतेम टेकव, म्हणजे फिरण्याच्या जोरानेच तेल बाहेर दात्यांकडे आणि रोलरांकडे सरकते. नळीला आतून किंवा बाहेरून ताठ तारेचा आधार दे आणि तो दोन ठिकाणी बांध, कारण सुटलेले टोक दात्यांत अडकले तर नळी तुटेल, आणि तेल टायरवर किंवा ब्रेकच्या डिस्कवर गेले तर जिवावरच बेतेल. पहिल्या फेरीनंतर टायरची कड बोटाने पुसून पाहा.

ओ-रिंगच्या चेनमध्ये, म्हणजे जिच्या सांध्यांत रबरी रिंगा असतात तिच्यात, पिनांभोवतीचे ग्रीस आतच बंदिस्त असते. आपले तेल रोलर आणि दाते यांच्यासाठी, गंजापासून बचावासाठी आणि त्या रिंगा कोरड्या पडू नयेत म्हणून. चेनचा ताण मात्र पूर्वीसारखाच हाताने तपासावा लागतो.

व्हॉल्व्ह बसवलास की दहा मिनिटांत किती थेंब पडले ते मोजून कळव. माझ्या आकड्यांशी ताडून पाहू.

तुझाच,
जुना मित्र