पक्यास, तीन ट्रान्झिस्टरांबद्दल

गिरगाव, रविवार रात्र

प्रिय पक्या,

दीड वर्षात तुला दोन ओळी लिहिल्या नाहीत. माझी शुगर आटोक्यात आहे, आई बरी आहे. आता मुद्द्याचं. १९९८च्या गणपतीच्या देखाव्यात ठिणगी पाडताना एकामागून एक गेलेले, तू लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून आणलेले ते तीन ट्रान्झिस्टर डुप्लिकेट नव्हते.

पुतण्याला दाखवायला तुझ्या बाबांच्या पद्मिनी टॅक्सीतली ती ठिणगी पाडणारी इग्निशन कॉइल काल माळ्यावरून काढली. तेच ५५५ टायमर चिपचं सर्किट, कॉइलचा करंट चालू-बंद करायला तोच टू एन ३०५५ ट्रान्झिस्टर. ठिणगीचा गॅप मिलिमीटरभर होता तोवर तासभर चालला. पोराला मोठी ठिणगी हवी होती. गॅप सेंटीमीटरभर केला आणि गेला. मीटर लावला, कलेक्टर-एमिटर शॉर्ट, म्हणजे आतून फुटलेला. त्याच्या धातूच्या टोपीला हात लावला तर नुसती कोमट. तेव्हाही कोमटच होती! त्यावरूनच मी ओरडलो होतो ना, न तापता मरतो म्हणजे माल खोटा?

मग चारशे व्होल्टचा बीयू ९४१ लावून कलेक्टरवर ऑसिलोस्कोप धरला. गॅप वाढेल तसं व्होल्टेजचं टोक चढतं, सेंटीमीटरला शंभर व्होल्टच्या वर. ३०५५ झेलतो साठ. कॉइल साधारण एकास शंभरची, म्हणजे ठिणगी पडायला तिकडे दहा हजार व्होल्ट लागले की इकडे प्रायमरीवर, म्हणजे ट्रान्झिस्टरकडच्या वेटोळ्यावर, शंभर उलटून येणारच. ठिणगी लवकर पडली तर तीच त्याला वाचवते. टॅक्सीत कॉइलचा करंट तोडणारे पॉइंट दोन-तीनशे व्होल्ट सोसायचे, आणि त्यांच्या जागी आपण काय बसवलं बघ.

ट्रान्झिस्टर थंड राहावा म्हणून त्याखाली लावायच्या अभ्रक आणि पांढऱ्या पेस्टवरून आपण किती भांडलो! हीट सिंकसाठी तू काकूंची कढई कापलीस आणि लाटण्याचा मार खाल्लास. उष्णतेचा प्रश्नच नव्हता रे.

देखाव्यात ठिणगी मागच्या रांगेला दिसावी म्हणून गॅप मीच वाढवला होता. तू म्हणत होतास, कमी कर. आणि मी अख्ख्या मंडळासमोर तुझ्याकडे पावती मागितली. लॅमिंग्टन रोडवर दहा-वीस रुपयांच्या मालाची पावती कोण देतं? पैसे खाल्लेस, असंच मला म्हणायचं होतं, आणि तुला ते कळलं होतं. पुढे आपण बोलायला लागलो, पण हे तसंच राहिलं. माफ कर.

नाशिकच्या घराचा स्लॅब पडला का? वहिनींचा गुडघा? चिरंजीवांना नोकरी लागल्याचं कळलं, छान झालं.

बीयू ९४१ आणखी दोन आणलेत. गणपतीला ये. गॅप तू ठेव.

तुझा,
दिग्या