प्रश्नचिन्हांमागची मराठी शोधून देणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

आमचं संकेतस्थळ दुरुस्त केल्याच्या मानधनाचा विषय काढला की तुम्ही दुसरंच बोलायला लागता. म्हणून आमच्या वसईच्या वाचनालयातर्फे हे जाहीर पत्र. छोट्या ग्रंथालयांची, शाळांची संकेतस्थळं सांभाळणाऱ्यांनीही ते वाचावं असं मनापासून वाटतं.

आमची ग्रंथसूची पीएचपी या प्रोग्रॅमिंग भाषेत, माहिती मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये. दोघांना जोडणारी जुनी फंक्शनं पीएचपी ७ मधून २०१५ सालीच काढून टाकलेली. होस्टिंगवर नवी आवृत्ती आली आणि साइट बंद पडली. कोड पीडीओवर, म्हणजे पीएचपीतल्या डेटाबेस-जोडणीच्या नव्या पद्धतीवर, आणून मिळाला, पानं उघडली, पण पुस्तकांच्या नावांजागी नुसती प्रश्नचिन्हं! सगळी सूची गेली या समजुतीने ग्रंथपालबाई दाखल नोंदवह्या काढून पुन्हा टंकायला बसणार होत्या.

तुम्ही त्यांना थांबवलंत. आधी प्रश्नचिन्हं मोजलीत. ‘मराठी’ या शब्दाजागी पाच: म, र, काना, ठ, वेलांटी. यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीची प्रत्येक खूण तीन बाइट (साठवणुकीचे छोटे एकक) घेते. ते बाइट सुटे वाचले गेले असते तर एकेका खुणेजागी तीन-तीन अनोळखी चिन्हं दिसली असती. मग थेट डेटाबेसमधून हेक्स, म्हणजे साठवलेल्या बाइटांचे सांकेतिक आकडे, काढलेत. तिथे होतं ई०ए४एई, म्हणजे आपला ‘म’. अक्षर खरंच गेलं असतं तर ३एफ दिसलं असतं, साठवलेलं प्रश्नचिन्ह. ग्रंथपालबाईंचा चेहरा त्या क्षणी जो खुलला, त्याचे आभार कसे मानायचे ते मला अजून सुचलेलं नाही.

बिघाड जोडणीत होता. सर्व्हर मायएसक्यूएल ५.७, त्याचा ठरलेला अक्षरसंच लॅटिन-१, ज्यात देवनागरी नाही. जुन्या कोडमध्ये जोडणीचा अक्षरसंच सांगणारी ‘सेट नेम्स’ची ओळ होती, ती बदलात गळली. मग सर्व्हर प्रत्येक देवनागरी खूण लॅटिनमध्ये बसवायला जाई, आणि बसत नाही म्हणून प्रश्नचिन्ह धाडी. तुम्ही पीडीओच्या जोडणीच्या ओळीतच कॅरसेट (अक्षरसंच) लिहिलात, यूटीएफ८एमबी४. त्यातला एमबी४ मुद्दाम, कारण मायएसक्यूएलचं नुसतं यूटीएफ८ तीन बाइटांवर थांबतं. देवनागरीला तेवढं पुरतं, मोडीला चार लागतात. आमच्याकडे मोडी कागदांची पेटी आहे हे तुम्ही लक्षात ठेवलं होतंत!

तेवढ्यावर तुम्ही थांबला नाहीत. आमच्याकडे डि'मेलो आडनावाचे सभासद बरेच. त्यातल्या वरच्या खुणेमुळे क्वेरीतली (डेटाबेसला दिलेल्या आज्ञेतली) अक्षरमाळ मध्येच तुटे आणि नोंदणी अडे. तुम्ही प्रीपेअर्ड स्टेटमेंट वापरायला शिकवलंत: क्वेरीचा सांगाडा आधी, नाव वेगळं. नाव मग फक्त नाव राहतं, आज्ञा होऊ शकत नाही. त्याच वाटेने कुणी मुद्दाम घुसलं असतं तर सभासदांचे पत्ते, फोन सगळं उघडं पडलं असतं. माझ्या मते तुमची सर्वांत मोठी मदत हीच, जरी सभासदांना ती कधी दिसणार नाही.

पासवर्डची फाइल सार्वजनिक फोल्डरबाहेर गेली. प्रोग्रॅमला रूट या सर्वाधिकारी खात्याऐवजी मोजक्या अधिकारांचं स्वतंत्र खातं मिळालं.

आता दिवाळी अंकांची सूची भरणं चालू आहे. ती पुरी झाली की पहिला शोध तुम्ही घ्यायचा, ही सगळ्यांची विनंती.

आपला कृतज्ञ,
वाचनालयाचा एक कार्यकर्ता