कुंदा आणि भाकरी

बेळगाव

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

फोन केला की "आप्पा, शूट आहे, ठेवते" म्हणतेस, म्हणून पत्रच लिहितोय.

परवा तू ज्याचे पदार्थ कॅमेऱ्यासाठी सजवतेस, तो कार्यक्रम आपल्या खाणावळीत टीव्हीवर लावला होता. पट्टीवर 'बेळगावी कुंदा' आलं. (गावाचं सरकारी नाव २०१४ मध्ये बेळगावी झालं, कुंदा मात्र आधीपासूनच बेळगावी.) पण पोरी, कुंद्याचा असा गुळगुळीत गोळा कोण वाढतं? वर वर्ख! आईला तर चॉकलेटचं आईस्क्रीम वाटलं. दूध आटवून, दही घालून फोडून, साखर जाळून तो रंग येतो. त्याचा रवाळपणा दिसायला हवा. चमच्यानं मोडून पानावर टाक की, ओबडधोबड दिसेना का.

पुण्याचं हॉटेल सोडलंस तेव्हा मी दोन महिने धड बोललो नाही. सहा वर्षं भट्टीसमोर काढून ही आता टोमॅटोवर ग्लिसरीनचे थेंब सोडणार, असं वाटलं. दिवाळीला तुझी पेटी उघडली तर चिमटे, ब्रश, इंजेक्शनच्या सुया. तुला नर्सबाई म्हणालो, त्याचा राग धरू नकोस. दिव्यांखाली पाणी सुकतं, ग्लिसरीन टिकतं. रंग राहावा म्हणून भाजी अर्धीच शिजवायची, हे तू सांगितलंस तेव्हा पटलं. माझ्याकडं तसली भाजी वाढली तर ताट परत येईल. आणि शूट संपल्यावर ते अन्न गाईलाही घालता येत नाही, हे मला अजून टोचतं.

मन बदललं ते तुझ्या भाकरीच्या फोननं. टम्म फुगलेली भाकरी कॅमेऱ्यापुढं टिकेना, म्हणून रात्री अकराला विचारलंस. अगं, आत वाफ असते तोवरच ती फुगलेली. कॅमेरा आधी लावून घ्यायचा, तवा शेजारीच ठेवायचा, डझनभर भाकऱ्या थापायच्या. त्यातली एखादी साधते. आणि कडा फाटत असतील तर दोष हाताचा नाही. पीठ जुनं झालं की त्याची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते, मग कितीही मळ. उकळतं पाणी घालून वेळ मारून नेता येते, एवढंच. हे सांगताना लक्षात आलं, की तुझं हॉटेलातलं शिकणं वाया गेलेलं नाही. ज्यानं कधी भाकरी थापली नाही, त्याला हा प्रश्नच पडला नसता.

पैसे तीन-तीन महिने अडकतात म्हणालीस. कामाच्या आधी निम्मे मागून घे, लाजू नकोस. भाडं थकलं असेल तर आईला नको, मला सांग.

रात्रीच्या गाडीनं ताजं दळलेलं चार किलो ज्वारीचं पीठ पाठवतोय. आठवड्यात संपव. सोबत अर्धा किलो कुंदा आहे, तो शूटला न्यायचा नाही. ड्रायव्हर पहाटेच फोन करेल, मोबाईल उशाशी ठेव.

तुझा,
आप्पा